स्कंधविकारांच्या प्रश्नावली आणि जपानी भाषा : एका रूपांतराचा इतिहास

खांद्याच्या विकाराने पीडित झालेला रुग्ण उपचारानंतर बरा झाला की नाही, हे कोणी ठरवावयाचे, आणि कोणत्या शब्दांत? प्रश्न वरवर पाहता केवळ वैद्यकाचा वाटतो. परंतु त्याचा उत्तरार्ध निःसंशय भाषेचा आहे. ज्या प्रश्नावलीच्या आधारे आज शल्यक्रियेचे यशापयश मोजले जाते, त्या बहुतांशी इंग्रजीत जन्मल्या आणि नंतर इतर भाषांत गेल्या. जपानीत त्यांची रूपांतरे होताना ज्या अडचणी उद्भवल्या, त्या केवळ कोशातील प्रतिशब्द शोधण्याच्या नव्हत्या. शरीराचा कोणता भाग म्हणजे ‘खांदा’, कोणते काम म्हणजे ‘रोजचे काम’ आणि कोणते दुखणे सांगण्याजोगे, या मूलभूत गोष्टींचाच तेथे पुनर्विचार करावा लागला. प्रस्तुत निबंधात या रूपांतराच्या इतिहासाचे स्थूल दिग्दर्शन करून त्यातून भाषांतरशास्त्रास कोणता बोध होतो, हे पाहावयाचे आहे.

१

उपचाराचा परिणाम पद्धतशीरपणे नोंदवावा, हा विचार आग्रहाने मांडणाऱ्यांत बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट ॲमरी कॉडमन (१८६९–१९४०) यांचे नाव अग्रभागी येते. प्रत्येक रुग्णाचा शल्यक्रियेनंतर निदान वर्षभर मागोवा घ्यावा आणि अपेक्षित परिणाम झाला नसल्यास त्याचे कारण उघडपणे नोंदवावे, असे त्यांचे म्हणणे होते. १९११ मध्ये स्थापन केलेल्या स्वतःच्या लहानशा रुग्णालयात त्यांनी हे तत्त्व आचरून दाखविले. १९११ ते १९१६ या काळात तेथून बाहेर पडलेल्या ३३७ रुग्णांच्या संदर्भात १२३ चुका त्यांनी स्वतः प्रसिद्ध केल्या. याच कॉडमन यांनी १९३४ मध्ये खांद्यावरील आपला सुप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला आणि ‘गोठलेला खांदा’ ही संज्ञा रूढ केली. परिणाममापनाची कल्पना व स्कंधविकारांचे शास्त्र ही दोन्ही एकाच पुरुषाच्या हातून पुढे जावी, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

तथापि कॉडमन यांच्यानंतर कित्येक दशके मापन करणारा डॉक्टरच राहिला. १९८७ मध्ये कॉन्स्टंट व मर्ली यांनी प्रसिद्ध केलेल्या गुणपद्धतीत एकूण १०० गुण असून त्यांपैकी १५ वेदनेला, २० दैनंदिन व्यवहाराला, ४० हालचालींच्या कक्षेला आणि २५ स्नायूंच्या बळाला आहेत. म्हणजे रुग्णाच्या सांगण्याला ३५ आणि परीक्षकाच्या मापनाला ६५ गुण. त्याच सुमारास जपानी अस्थिव्यंगोपचार संघटनेनेही खांद्यासाठी स्वतःची १०० गुणांची पद्धती सिद्ध केली. तिच्यात वेदना ३०, कार्यक्षमता २०, हालचालींची कक्षा ३०, क्ष-किरण चित्राचा निष्कर्ष ५ आणि सांध्याचे स्थैर्य १५ अशी विभागणी आहे. वेदनेचे स्थान येथे मोठे आहे खरे. परंतु वेदनेची पायरी ठरवून आकडा लिहिणारा हात डॉक्टरचाच आहे. समोर उपचार करणारा डॉक्टर बसला असता रुग्ण भिडेने ‘पुष्कळ बरे आहे’ असे म्हणतो, हा अनुभव कोणत्याही देशातील वैद्यास अपरिचित नाही. भीड हाच जेथे संभाषणाचा संस्कार आहे, तेथे तर या पद्धतीची मर्यादा अधिकच जाणवणार.

१९९० नंतरच्या दशकात परिस्थिती पालटली. रुग्णाने स्वतः वाचून स्वतः उत्तरे लिहावयाच्या प्रश्नावली एकामागून एक पुढे आल्या : १९९१ मध्ये खांद्याची वेदना व असमर्थता मोजणारी १३ प्रश्नांची, तदनंतर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मागणारी १२ प्रश्नांची ‘साधी स्कंधचाचणी’, १९९६ मध्ये १२ प्रश्नांची ‘ऑक्सफर्ड’ प्रश्नावली आणि त्याच वर्षी दंड, खांदा व हात यांचा एकत्र विचार करणारी ३० प्रश्नांची ‘डॅश’. १९९८ मध्ये खांद्याच्या अस्थिरतेसाठी आणि नंतर खांद्याच्या स्नायुबंधांच्या विकारांसाठी कॅनडातील वेस्टर्न ऑन्टॅरिओ येथे प्रत्येकी २१ प्रश्नांच्या दोन प्रश्नावली निर्माण झाल्या. मापनाचा अधिकार रुग्णाकडे आला, पण त्याबरोबर तो रुग्णाच्या भाषेकडेही आला. आणि ही भाषा इंग्रजी नसेल तर काय, हा प्रश्न अटळ झाला.

२

जपानी वैद्यकाला भाषांतराचा प्रश्न नवा नव्हता. १७७१ मध्ये एदो येथे एका शवविच्छेदनप्रसंगी सुगिता गेम्पाकु, माएनो र्‍योताकु आदी वैद्यांनी डच भाषेतील शरीररचनेचा एक ग्रंथ प्रत्यक्ष शरीराशी ताडून पाहिला आणि त्याचे भाषांतर करण्याचा निश्चय केला. १७७४ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘काइताइ शिन्शो’ हे त्याचे फळ होय. या ग्रंथाच्या आरंभी भाषांतराचे तीन प्रकार सांगितले आहेत. मूळ शब्दाला आपल्या भाषेत आधीच प्रतिशब्द असेल तर तो योजावयाचा, हा पहिला प्रकार. ‘हाड’ या अर्थाच्या डच शब्दाचे भाषांतर असे झाले. प्रतिशब्द नसेल तर अर्थ ध्यानी घेऊन नवा शब्द घडवावयाचा, हा दुसरा. कूर्चेला ‘मऊ हाड’ अशा अर्थाचा ‘नान्कोत्सु’ हा शब्द असाच घडला आणि तो आजही प्रचारात आहे. अर्थानेही शब्द घडविता येत नसेल तर मूळचा ध्वनीच उचलावयाचा, हा तिसरा. ग्रंथींसाठी असलेला डच शब्द त्यांनी असा जसाच्या तसा घेतला.

ही त्रयी येथे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, सुमारे सव्वादोनशे वर्षांनंतर प्रश्नावलीच्या रूपांतरकारांपुढे नेमके हेच तीन मार्ग होते. मात्र एक महत्त्वाचा भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. सुगिता व त्यांचे सहकारी वस्तूंची नावे भाषांतरित करीत होते. कूर्चा एदोतील शरीरात व ॲमस्टरडॅममधील शरीरात एकच असते. प्रश्नावलीत मात्र नावे नसून कृती असतात, आणि कृती देशोदेशी एक नसतात. यामुळे तिन्ही मार्गांचे गुणदोष पार बदलून जातात.

३

प्रथम पहिल्या मार्गाचा, म्हणजे तयार प्रतिशब्दाचा विचार करू. ‘खांदा’ यासाठी जपानीत ‘काता’ हा शब्द आहे. तेव्हा अडचण कोणती, असे कोणीही म्हणेल. परंतु ‘काताकोरी’ ही जपानी लोकांची अत्यंत परिचित तक्रार पाहिली म्हणजे अडचण उमगते. मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंतच्या स्नायूंचा ताठरपणा व जडपणा म्हणजे काताकोरी. मराठीत आपण ‘खांदे भरून आले’ किंवा ‘मान अवघडली’ असे म्हणतो, त्यास ही अवस्था बरीच जवळची आहे. नात्सुमे सोसेकी यांच्या १९१० च्या ‘मोन’ या कादंबरीत नायिकेच्या अशाच दुखण्याचा प्रसंग आहे. जपानी शासनाच्या राष्ट्रीय जीवनमान सर्वेक्षणात लोकांना जाणवणाऱ्या लक्षणांची गणना होते. तीत २०१९ साली स्त्रियांच्या तक्रारींमध्ये काताकोरीचा क्रम पहिला होता, आणि २०२२ साली कंबरदुखीच्या खालोखाल दुसरा. पुरुषांच्या बाबतीत दोन्ही वेळी तो कंबरदुखीच्या मागोमाग दुसरा होता.

शल्यविशारदाला अभिप्रेत असलेला खांदा म्हणजे दंडाचे हाड व खांद्याचे फावडे यांचा सांधा. त्यासाठी जपानी वैद्यकात ‘काता-कान्सेत्सु’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि १९७४ मध्ये अभ्यासमंडळ म्हणून सुरू झालेल्या जपानी स्कंधसंधी-परिषदेच्या नावातही तोच आहे. पण रुग्ण बोलताना सांध्याचे नाव घेत नाही, तो ‘काता’च म्हणतो. तेव्हा ‘गेल्या आठवड्यात आपला काता किती दुखला?’ असे विचारल्यास, ज्याचा सांधा शल्यक्रियेने पूर्ण बरा झाला आहे, परंतु ज्याला दिवसभर लेखनिकाचे काम करून मान भरून येते, तो ‘पुष्कळ दुखला’ असे लिहील. उत्तर खरे आहे आणि तरीही मोजणी चुकली आहे. शब्द बरोबर, अर्थ शेजारचा, असा हा प्रकार होय.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही आहे. पन्नाशीच्या आसपास खांदा आखडतो त्याला जपानीत ‘गोजूकाता’, म्हणजे ‘पन्नाशीचा खांदा’ म्हणतात. हा शब्द ओता झेन्साइ (१७५९–१८२९) यांनी संकलित केलेल्या लोकभाषेच्या कोशात आढळतो, आणि तेथे या दुखण्याला ‘दीर्घायुष्याचा आजार’ असेही नाव असल्याचे सांगितले आहे. ज्या दुखण्याचे नावच वयाची सहज परिणती सुचविते, त्याविषयी तक्रार करण्याची प्रवृत्ती कमी असणे स्वाभाविक आहे. जेथे इंग्रजी नाव गोठणे, म्हणजे विकृती, सूचित करते, तेथे जपानी नाव वय सूचित करते. रुग्णाची अपेक्षा शब्दातच साठविलेली असते, ती अशी.

अवयवांच्या सीमांचाही प्रश्न आहे. जपानीतील ‘ते’ हा शब्द पंजासाठी आहे, पण बोलण्यात तो खांद्यापासून बोटांपर्यंतच्या संपूर्ण अवयवालाही लागतो; दंडासाठी ‘उदे’ हा वेगळा शब्द असला तरी. मराठी वाचकास याचे नवल वाटणार नाही, कारण आपला ‘हात’ असाच आहे : ‘हात धुतला’ यातला हात मनगटाखालचा आणि ‘हात मोडला’ यातला कोणताही. दंड, खांदा व हात असे तीन भाग नावातच वेगळे करणाऱ्या प्रश्नावलीचे रूपांतर अशा भाषेत करताना प्रत्येक वाक्यात कोणता हात, हे ठरवावे लागते.

वेदनावाचक शब्दांची गोष्ट आणखी निराळी आहे. जपानीत वेदनेचा प्रकार सांगण्यासाठी ध्वन्यनुकारी द्विरुक्त शब्दांचा विपुल उपयोग होतो. ठणक्यासाठी ‘झुकिझुकि’, टोचण्यासाठी ‘चिकुचिकु’, चुरचुरण्यासाठी ‘हिरिहिरि’ हे शब्द लहान मूलही वापरते. इंग्रजीत विशेषणांनी जे सांगावे लागते, ते येथे नादाने सांगितले जाते. मराठीतही ठसठस, चुरचुर, झिणझिण हे शब्द आहेतच. या बाबतीत जपानी व मराठी या दोन्ही भाषा इंग्रजीपेक्षा एकमेकींना जवळच्या वाटतात. अशा भाषेत केवळ ‘तीव्र वेदना’ या पुस्तकी शब्दांनी प्रश्न विचारणे म्हणजे रुग्णाच्या हाती असलेले अधिक सूक्ष्म साधन काढून घेणे होय.

४

आता तिसरा मार्ग, म्हणजे मूळ ध्वनी उचलण्याचा. आधुनिक जपानीत इंग्रजी शब्द घेणे इतके सुलभ आहे की रूपांतरकारास हा मार्ग सर्वांत सोपा वाटावा. ऑक्सफर्ड प्रश्नावलीतील एक प्रश्न असा आहे की, आपणास सुरी व काटा एकाच वेळी वापरता आला काय? ‘नाइफु’ व ‘फोकु’ हे दोन्ही शब्द प्रत्येक जपानी माणसास ठाऊक आहेत. वाक्य जपानीत सहज बसते. पण ज्या घरात अन्न स्वयंपाकघरात कापून येते आणि ताटावर एका हाताने काड्या चालतात, तेथे या प्रश्नाचे उत्तर अनुभवातून येत नाही, कल्पनेतून येते. मूळ प्रश्नाचा हेतू दोन्ही हात एकत्र व बळाने वापरता येतात काय हे पाहण्याचा होता. तो हेतू हरवतो आणि शब्द मात्र शाबूत राहतात. ‘डॅश’मधील बिछाना घालण्याचा प्रश्नही असाच. पलंगावरची चादर ताणणे वेगळे, आणि जमिनीवरचा जाड फुतोन घडी करून भिंतीतील कपाटाच्या वरच्या कप्प्यात उचलून ठेवणे वेगळे. दुसऱ्या कृतीत खांदा कितीतरी अधिक उंच व भाराखाली जातो. आपल्याकडे वळकटी गुंडाळून माळ्यावर टाकणाऱ्यास हा फरक सांगावा लागणार नाही.

मात्र हा मार्ग सर्वस्वी त्याज्य आहे असेही नाही. ‘साध्या स्कंधचाचणी’त सॉफ्टबॉलचा चेंडू खालून १० यार्ड व वरून २० यार्ड फेकता येईल काय, असे विचारले आहे. भारतात हा प्रश्न निरर्थक ठरला असता. परंतु जपानात बेसबॉलचा खेळ १८७२ मध्ये होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने नेला आणि तो तेथे रुजला. येथे शब्दाबरोबर कृतीही देशात आलेली असल्यामुळे उसना शब्द पुरेसा होतो. यावरून असा नियम बांधता येईल की, ज्या शब्दामागोमाग कृती आली आहे तोच शब्द ध्वनीने उचलावा. त्याच चाचणीतील एक पाउंडाचा पाइंट व आठ पाउंडांचा गॅलन यांचे मात्र तसे नाही. जपानने १९५९ पासून मेट्रिक पद्धती अंमलात आणली. तेथे आठ पाउंड म्हणजे सुमारे ३.६ किलोग्रॅम हे गणित झाले, अनुभव नव्हे.

५

दुसऱ्या, म्हणजे अर्थानुसारी मार्गाचे उत्तम उदाहरण खांद्याच्या प्रश्नावलीबाहेरचे, परंतु तिच्याआधीचे आहे. सर्वसाधारण आरोग्य मोजणाऱ्या ‘एस्‌एफ्-३६’ या अमेरिकन प्रश्नावलीचे जपानी रूपांतर १९९८ मध्ये प्रमाणित झाले. मूळ प्रश्नात मध्यम श्रमाची उदाहरणे म्हणून टेबल हलविणे, झाडण्याचे यंत्र ढकलणे, बोलिंग व गोल्फ खेळणे ही कामे होती. जपानी पाठात त्यांच्या जागी घर व अंगण झाडणे आणि एक-दोन तास फिरावयास जाणे ही कामे आली. मैलाचा किलोमीटर झाला. शब्द सगळे बदलले, श्रमाची पातळी राखली. सुगितांच्या परिभाषेत हे शुद्ध अर्थानुवादाचे काम होय.

परंतु येथे विरुद्ध बाजूचा आक्षेपही विचारात घेतला पाहिजे. प्रश्न बदलला की तुलना बदलते. टोरोंटोतील रुग्णाचे ४० गुण आणि सेंदाइतील रुग्णाचे ४० गुण एकच अवस्था दाखवितात, हे गृहीत धरूनच आंतरराष्ट्रीय संशोधन चालते. जितके रूपांतर देशी, तितकी ही खात्री कमी. या द्वंद्वातून वाट काढण्यासाठी विधिनियमांची गरज भासली. ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये उलट-भाषांतराची पद्धत पुरस्कारिली होती : लक्ष्यभाषेतील पाठ दुसऱ्या भाषांतरकाराकडून मूळ भाषेत परत आणून दोन्ही ताडून पाहावयाचे. १९९३ मध्ये गिय्येमँ व सहकाऱ्यांनी, आणि २००० मध्ये बीटन व सहकाऱ्यांनी, आरोग्य-प्रश्नावलीसाठी याचा विस्तार केला. दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांचा समन्वय, दोन उलट-भाषांतरे, तज्ज्ञांची समिती आणि ३० ते ४० व्यक्तींवर पूर्वचाचणी, असा हा क्रम आहे.

यातील उलट-भाषांतराची मर्यादा वरील उदाहरणांवरून स्पष्ट होईल. ‘नाइफु’ व ‘फोकु’ परत इंग्रजीत नेले की सुरी व काटा अगदी निर्दोष परत येतात. सर्वांत निकामी प्रश्न या परीक्षेत सर्वोत्तम ठरू शकतो. आणि घर झाडण्याचा उपयुक्त प्रश्न गोल्फकडे परत जात नाही म्हणून नापास ठरतो. म्हणूनच २००० च्या नियमांत तज्ज्ञ-समिती व पूर्वचाचणी यांना जे स्थान दिले आहे, ते उपचारापुरते नव्हे. पद्धतीचा कणा तेथेच आहे.

या विधीस अनुसरून जपानी हस्तशल्य-परिषदेने ‘डॅश’ची जपानी आवृत्ती सिद्ध केली, तिच्या प्रमाणीकरणाचा अहवाल २००५ मध्ये आणि ११ प्रश्नांच्या संक्षिप्त आवृत्तीचा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. वेस्टर्न ऑन्टॅरिओच्या अस्थिरताविषयक प्रश्नावलीची जपानी आवृत्ती २०११ मध्ये आणि स्नायुबंधविषयक प्रश्नावलीची २०१३ मध्ये प्रमाणित झाली. अशा अहवालांतून अंतर्गत सुसंगती, पुनरावृत्तीतील स्थैर्य व अन्य मापांशी संबंध तपासले जातात. या कसोट्या आवश्यक आहेत. परंतु त्या उत्तरांचा एकमेकांशी मेळ पाहतात, प्रश्न जगण्याशी जुळतो की नाही हे थेट पाहत नाहीत. शिवाय उत्तर देण्याची रीतही संस्कृतिसापेक्ष असते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात जपानी व चिनी विद्यार्थी उत्तर अमेरिकेतील विद्यार्थ्यांपेक्षा मापनपट्टीवरील मधली जागा अधिक वेळा निवडतात, असे आढळले. ‘एस्‌एफ्-३६’ची जपानी उत्तरे तर शारीरिक व मानसिक या दोन मूळ घटकांत नीट बसेनात, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात त्यांच्यासाठी सामाजिक भूमिकेचा तिसरा घटक मानण्यात आला. शब्दांचे रूपांतर यथायोग्य झाल्यावरही अनुभवाची रचना वेगळी असू शकते, याचा हा पुरावा होय.

६

या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर जपानी वैद्यकाने दुसरीही वाट चोखाळली, ती स्वतंत्र प्रश्नावलीची. गुडघ्याच्या संधिवातासाठी जपानी राहणी ध्यानात घेऊन रचलेली २५ प्रश्नांची प्रश्नावली २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर जपानी अस्थिव्यंगोपचार संघटना व स्कंधसंधी-परिषद यांच्या प्रयत्नाने खांद्यासाठी ‘शोल्डर ३६’ ही प्रश्नावली सिद्ध झाली. तिच्या ३६ प्रश्नांची सहा विभागांत वाटणी आहे : वेदना ६, हालचालींची कक्षा ९, बळ ६, आरोग्यभावना ६, दैनंदिन कार्ये ७ आणि क्रीडाक्षमता २. प्रत्येक प्रश्नास ० ते ४ गुण असून अधिक गुण म्हणजे अधिक चांगली स्थिती. १९८७ च्या सुमाराच्या गुणपद्धतीशी तुलना केली तर हालचालींची कक्षा व बळ या ज्या गोष्टी पूर्वी परीक्षक मोजीत असे, त्या येथे रुग्णच सांगतो; आणि क्ष-किरण चित्राचे पाच गुण नाहीसे झाले आहेत. मापनाच्या सत्तेचे हे स्थलांतर त्या दोन तक्त्यांत जितके स्पष्ट दिसते, तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

म्हणून दोन वाटांपैकी एकच खरी, असा निर्णय करणे योग्य होणार नाही. रूपांतरित प्रश्नावली देशांमधील तुलना शक्य करते; देशी प्रश्नावली रुग्णाशी प्रामाणिक राहते. जपानने दोन्ही हाती ठेवल्या, आणि एकीच्या उणिवा दुसरीने ताडता येतील अशी व्यवस्था केली, हेच त्या इतिहासाचे सार म्हणावे लागेल. भाषांतराचे तिन्ही मार्ग येथे उपयोगी पडले. मात्र त्यांचा क्रम उलटला. वस्तूंच्या नावांत जो मार्ग सर्वांत सुरक्षित, तो तयार प्रतिशब्द येथे अर्थ सरकवितो. जो सर्वांत सुलभ, तो उसना ध्वनी अर्थाचा अभाव झाकतो. आणि जो सर्वांत स्वैर वाटतो, तो अर्थानुवादच मूळ हेतूस जागतो.

मराठीत अशा प्रश्नावलीची योजना करणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य अभ्यासावा. वेणी घालणे, भाकरी थापणे, काठीने उंच दांडीवर कपडे वाळत घालणे, पाठीमागे हात नेऊन पोलक्याचे बंद बांधणे, या कृतींत खांद्याची जी परीक्षा होते ती कोणत्याही परकीय यादीत सापडणार नाही. ज्या बाईला शल्यक्रियेनंतर सुरी-काटा धरता येतो असे कागदावर नोंदले गेले, परंतु वेणी घालता येत नाही हे कोणी विचारलेच नाही, तिची गणना बऱ्या झालेल्यांत होईल. मोजणीची ही चूक भाषेची चूक आहे, आणि ती सुधारण्याचे दायित्व वैद्यकाइतकेच भाषाभ्यासकांवरही येते.